लाईट गेली की उखा थांबायचा

भटूदादा, तुमची गंधमुक्ती झाली, दिवसकार्याच्या मांडवाचे बांबू अजून गल्लीत पडलेले होते, आणि सुरेशभाऊ आमच्या दारात उभे. सुरतेतल्या आपल्या खान्देशी मंडळाचे अध्यक्ष, साड्यांचे एवढे मोठे व्यापारी, पण हात जोडून. तुमच्यासाठी शोकसभा ठेवायची म्हणाले. पर्वत पाटियाजवळचा हॉल, मोठा पडदा, सगळा समाज येणार. आणि तुम्ही उखा मास्तरांवर केलेला सिनेमा तिथे दाखवायचा. मला रडूच आलं. म्हटलं, जिवंतपणी नाही तर नाही, आता तरी यांना तुमची किंमत कळली. मग चहा पिता पिता म्हणतात कसे, "फक्त शेवटी मास्तरांची ती चाल टाकून द्या मंगलताई. एकच मिनिट. आणि सुरुवातीला मास्तरांचा हार घातलेला फोटो. एटलुं करी दो ने, एवढंच. लोकांना काहीतरी ऐकू तर आलं पाहिजे."

मी कप खाली ठेवला. भटूदादा, हेच मी तुम्हाला वर्षभर सांगत होते. शब्दाला शब्द हेच. एडिटिंगच्या कॉम्प्युटरसमोर बसून तुमच्याशी घसा फुटेस्तोवर भांडले ती याच एका मिनिटासाठी. पण सुरेशभाऊंच्या तोंडून ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी तुमच्याशी भांडेन, तो माझा हक्क आहे. तुम्ही गेल्यावर तुमच्या मागे कोणी येऊन तुमचं काम दुरुस्त करायचं, हे मात्र मी चालू द्यायची नाही. म्हटलं, "भाऊ, सिनेमा दाखवायचा तर आहे तसा दाखवा. नाहीतर फोटो ठेवा, फुलं वाहा आणि घरी जा." आमचे हे, अशोक, आतल्या खोलीतून मला डोळे वटारत होते. वटारू देत. लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा त्यांचा असेल, पण त्यातलं सगळं कापायचं-जोडायचं काम या घरात मीच करते.

सुरेशभाऊ चिडले नाहीत. म्हणाले, विचार करा. मग जाताना दारात थांबून म्हणाले, "मास्तर आपल्या समाजाची शान आहेत. त्यांना लूमवर कापड विणायला उभं करून भटूदादांनी काय मिळवलं?"

काय मिळवलं! ऐकलंत ना?

उखा मास्तरांना कोणी बघितलं नसेल, पण त्यांची क्लॅरिनेट ऐकली नाही असा खान्देशी माणूस सुरतेत सापडायचा नाही. श्रावणात घरोघर कानबाई देवी बसते, दुसऱ्या दिवशी तिला डोक्यावर घेऊन आपण विसर्जनाला तापीवर निघतो, तेव्हा बॅण्डवाले जी चाल धरतात ती उखा मास्तरांची. लग्नात नवरदेव पारावरून निघतो तेव्हा तीच. आता डीजेवालेही तीच बडवतात. बायकांनी तिच्यावर कानबाईचं गाणं बसवलेलं आहे. तुमच्या घरातली आमची सिंधूवहिनी ते म्हणायला लागली की बाकीच्या आपोआप गप्प व्हायच्या, इतका मोकळा गळा.

आणि या मास्तरांवर आधी दोन सिनेमे झाले, ते दोन्ही आपण एकत्र बघितले. पहिल्यात मास्तर लहानपणी झाडाखाली बसतात, कोकीळ ओरडते, आणि त्यांच्या तोंडात एकदम क्लॅरिनेट येते. मग पहाटेच्या धुक्यात नदीकाठी रियाझ. तुम्ही भर कार्यक्रमात ओरडलात, "अहो, तो पाण्याले भ्यायचा! अंघोळ करायला त्याले धरून न्यावं लागे!" तुमचं बोलणं म्हणजे ओरडणंच. जन्म लूमच्या खात्यात, त्या कारखान्याच्या खडखडाटात गेला, त्यामुळे हळू बोलणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच नव्हतं. पुढच्या चार रांगा वळून बघायला लागल्या आणि वहिनीने पदर तोंडाला लावला. दुसऱ्या सिनेमात तर हीरो इतका गोरा आणि केसाळ की तुम्ही मला विचारलंत, "हाऊ कोन शे?" मी म्हटलं, "हे मास्तर." तुम्ही म्हणालात, "मंग उखा कुठे शे?"

तिथूनच सुरू झालं सगळं. त्या सिनेमांतून मास्तरांची जी वर्षं गायब होती ती सुरतेतली होती. गावातून निघाले आणि मुंबईला रेकॉर्डिंगला पोचले, मधे काहीच नाही. मधे तर तुम्ही होता. मधे उधन्याचं खातं होतं, पत्र्याचं, आणि समोरासमोरच्या लूमवर तुम्ही दोघं. स्वतः मास्तरांनीही पुढे कधी ते सांगितलं नाही. देवाची देणगी, आईचे आशीर्वाद, एवढंच बोलायचे. तुम्हाला त्याचा राग नव्हता. तुम्ही म्हणायचात, मोठा माणूस झाला, त्याला जे सांगावंसं वाटलं ते सांगितलं. पण मी बघितलंय ना, म्हणायचात.

काय बघितलं होतंत ते तुम्ही मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी कोणाच्या तरी हळदीचा व्हिडिओ कापत होते, आणि माझे हात थांबले. खोलीवर दहा-दहा माणसं, पाळीपाळीने झोपणारी. तिथे वाजवलं तर मार. रस्त्यावर वाजवलं तर लोक हसणार. मग उखाने वाजवायची जागा शोधली ती खात्यातच. सगळे लूम धडाधडा चालू असताना तो क्लॅरिनेट काढायचा आणि वाजवायचा. शेजारी उभ्या माणसाला ऐकू येत नव्हतं. त्याला स्वतःलाही नाही. दातांत कळते म्हणायचा, हाडात कळते. एक डोळा सुताच्या तारेवर, तार तुटली की लूम बंद करून जोडायची, पुन्हा चालू करून पुन्हा वाजवायचं. तुम्हाला दिसायचे फक्त फुगलेले गाल आणि बोटं. आणि लाईट गेली, लूम थांबले, की उखा त्याच क्षणाला क्लॅरिनेट खाली घ्यायचा. सूर मधेच तोडून. कोणी ऐकू नये म्हणून. इतका लाजरा.

"लाईट गई का उखा थांबी जाये." हे वाक्य तुम्ही मला किती वेळा ऐकवलंत, दादा! तुमचा सगळा सिनेमा एवढाच होता.

आणि उखा कोण होणार? तुम्ही! बासष्ट वर्षांचे, पांढऱ्या केसांचे, पुढचा एक दात पडलेला. मी पोट धरून हसले. उखा त्या वेळी वीस वर्षांचा पोरगा. मी म्हटलं, दादा, निदान केस काळे करा. तुम्ही म्हणालात, केस काळे केले की लोक केसच बघत बसतील. मी त्याला पाहिलाय, मी उभा राहीन तसाच उभा राहीन, ज्याला उखा दिसायचा त्याला दिसेल. आणि मग एका बॅण्डवाल्याच्या मागे लागून दोन महिने ती चाल शिकलात. इच्छापोरला वॉचमनची ड्यूटी करून यायचात आणि गच्चीवर जाऊन फुंकायचात. गल्लीतली कुत्री रडायची. मी म्हटलं, आवाज तर येणारच नाहीये सिनेमात, मग शिकता कशाला? नुसती बोटं हलवा. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत जसं काही मी देवळात चप्पल घालून आले. "उखा खरं वाजाडे," म्हणालात.

शूटिंगच्या दिवशी तुमच्या जुन्या शेठने सुट्टी असून लूम चालू करून दिले. अशोकांना त्या आवाजाने गरगरायला लागलं, मी कानात कापसाचे बोळे घातले. आणि तुम्ही त्या आवाजात असे उभे राहिलात जसे घरी आलात. खुणांनी बोलायला लागलात. बशी तोंडाला लावल्यासारखा हात केला, म्हणजे चहा. मग क्लॅरिनेट ओठांना लावली आणि वाजवलीत. पुरी चाल, खरी. ती नीट वाजली की नुसती फुसफुसली हे देवालाच माहीत. माईकमध्ये लूमशिवाय काही नाही. मी हेडफोन लावून शोधलं, दादा. पुन्हा पुन्हा शोधलं. नाही सापडत तुम्ही.

त्या बशीच्या खुणेवरूनच एक गोष्ट आठवते. मास्तर मोठे झाल्यावर तुमची त्यांची एकदाच गाठ पडली, कोणा श्रीमंताच्या लग्नात. ते मधे, भोवती माणसांचा वेढा, बॅण्डचा दणका. तुम्ही लांब कोपऱ्यात. तुम्हाला वाटलं, कशाला ओळखतील. आणि मास्तरांनी त्या गर्दीवरून तुमच्याकडे बघून हात केला. बशी तोंडाला लावल्यासारखा. एवढंच. मग लोकांनी त्यांना स्टेजवर नेलं. हे सांगताना तुम्ही रडलात. मी म्हटलं, हे टाका सिनेमात! लोक रडतील. तुम्ही म्हणालात, ते माझं आहे, उखाचं नाही. मला पटलं नाही. आजही पटत नाही. पण तुमचं होतं म्हणालात, म्हणून आज इथे लिहून टाकते. सिनेमात नाही टाकलं.

शेवटच्या मिनिटाचं भांडण मात्र कधीच मिटलं नाही. सिनेमाच्या शेवटी खात्यातली लाईट जाते, लूम एकेक करून थांबतात, तुम्ही क्लॅरिनेट खाली घेता, आणि पडद्यावर नुसती शांतता. तुम्ही उभे, हात खाली. मी म्हणत होते, त्या शांततेत चाल येऊ द्या. बिचाऱ्याने एवढी वर्षं आवाजाखाली दाबून वाजवलं, आता आवाज गेलाय, आता तरी ऐकू द्या त्याला! हलवायाचा सिनेमा काढता आणि जिलेबी दाखवत नाही, असं कुठे असतं? तुम्ही म्हणालात, "त्याचं वाजवणं सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. तो थांबायचा ते कोणाकडेच नाही." मी म्हटलं, तुम्ही हट्टी आहात. तुम्ही म्हणालात, तू बी कमी नही. दार आपटून गेलात आणि दुसऱ्या दिवशी वहिनीच्या हातचे शेवभाजीचे दोन डबे घेऊन आलात, एक माझ्यासाठी, एक अशोकांसाठी. पण हट्ट सोडला नाहीत.

पहिल्यांदा आपण तो मंडळाच्या खोलीत दाखवला ते आठवतं का? पाच मिनिटांत लोक "आवाज! आवाज!" करायला लागले. माझी स्वतःची पायल, इथेच जन्मलेली, कानात येऊन सांगते, "मम्मी, आनो अवाज बगडी गयो छे." कोणीतरी प्रोजेक्टरची वायर काढली आणि नाश्ता वाटायला सुरुवात केली. लाईट जायच्या सीनपर्यंत कोणी पोचलंच नाही. तुम्ही समोसा हातात धरून बसून राहिलात. मला त्या दिवशी या माणसांचा इतका राग आला! यातल्या निम्म्या लोकांची पोटं लूमवर भरली होती, आणि त्यांना लूमचा आवाज म्हणजे बिघडलेला आवाज वाटत होता.

म्हणून या वेळी मी वायरच कोणाच्या हातात येऊ दिली नाही. त्या दिवसानंतर सुरेशभाऊंना हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कॉम्प्युटर घरून नेला, साउंडवाल्याच्या शेजारी खुर्ची टाकली आणि बसले. हॉल भरलेला. पुढे तुमचा फोटो, खाली रांगेत वहिनी, पांढरी साडी, मान खाली. भाषणं झाली. एकानेही तुमच्याबद्दल खरं काही सांगितलं नाही. "मितभाषी" म्हणाले तुम्हाला! तुम्हाला, ज्यांचं गुपितसुद्धा तिसऱ्या बिल्डिंगला ऐकू जायचं.

मग अंधार केला आणि सिनेमा सुरू झाला. हाराचा फोटो नाही, नाव नाही. सरळ लूम. सुरेशभाऊंनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. आणि आलंच ते, मागच्या रांगेतून, "आवाज! अरे आवाज वाढवा!"

बरं, म्हटलं. वाढवते.

साउंडवाल्याचा हात बाजूला सारला आणि बटण पार टोकापर्यंत नेलं. भटूदादा, हॉल हादरला. छाती धडधडायला लागली. खात्यात जसा होता तसा, जसाच्या तसा, खटाखट खटाखट, पत्रे उडतील असा. सुरेशभाऊ उठून माझ्याकडे आले, तोंड हलत होतं त्यांचं, काय म्हणत होते ते मला ऐकू आलं नाही आणि मला ऐकायचंही नव्हतं. मी पडद्याकडे बोट केलं. पडद्यावर तुम्ही होता, गाल फुगवून.

आणि मग बघते तर मागच्या रांगांतली म्हातारी माणसं एकमेकांशी खुणांनी बोलताहेत. ओठ हलवून, हात हलवून, खात्यात बोलायचे तसे. एकाने दुसऱ्याला बशी दाखवली, म्हणजे चहा हवा का, आणि दुसरा मान मागे टाकून हसला. कोणी उठलं नाही. कोणी समोसे वाटले नाहीत. पायल माझा हात धरून बसली होती, तिलाही वायर काढ म्हणायचं सुचलं नाही.

तेवढ्यात माझी नजर पुढच्या रांगेकडे गेली. वहिनीचे ओठ हलत होते. आधी वाटलं, रडतेय. मग बघितलं तर तिचा हात मांडीवर ठेका धरत होता. लूमच्या खटाखटीवर. इतक्या वर्षांत मला कधी कळलं नव्हतं, उखा मास्तरांच्या त्या चालीचा ठेका कुठला ते. तिला कळला. तिला तो तुमच्या अंगातून, घरातून, रोजच्या जेवणाच्या वेळी बोटांनी ताटावर वाजवायचात त्यातून ठाऊक असणार. ती गात होती, दादा. दुखवट्यात गात होती. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात यंदा कानबाई बसायची नाही, गाणं म्हणायचं नाही, हे तिला कोणी शिकवायला नको, तीच इतरांना शिकवते. पण त्या आवाजात तिचं तिलाही ऐकू येत नव्हतं. म्हणून गात होती.

मला पुढचं माहीत होतं. पडद्यावर लाईट जाणार होती. माझा हात बटणावर होता, आवाज आधीच हळूहळू खाली आणता आला असता, म्हणजे तिला कळलं असतं आणि ती थांबली असती. मी हात काढून घेतला. तुमचा सिनेमा आहे, मी त्यात हात घालायची नाही.

लूम थांबले. एकेक करून, जसे तुम्ही जोडायला लावले होते तसे. तुम्ही क्लॅरिनेट खाली घेतलीत. आणि त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये, त्या शांततेत, वहिनीचा मोकळा गळा. कानबाईच्या गाण्याची अर्धी ओळ. उखा मास्तरांची चाल, जिथे मी मागितली होती बरोबर तिथे. मग तिला स्वतःचा आवाज ऐकू आला आणि ती थांबली, तोंडावर हात ठेवून. पडद्यावर तुम्ही उभे, हात खाली. खाली ती.

कोणीतरी बायांमध्ये कुजबुजलं, "माय वं, दुखवट्यात?" मी खुर्चीवरून उठले आणि त्या बाजूला असं बघितलं की कुजबुज तिथल्या तिथे बंद झाली. सुरेशभाऊ माझ्या शेजारीच उभे होते. दिवे लागले. मग म्हणाले, "ताई, हे शेवटचं रेकॉर्ड करून घ्या ना पुन्हा वहिनींकडून. तिथे टाकून द्या. एकदम बराबर बसेल."

नाही, भाऊ, म्हटलं. तिथे काही टाकायचं नाही.

दादा, हे मी म्हणाले. मी! तुम्ही असतात तर मला चिडवून जीव नकोसा केला असता. पण हुरळून जाऊ नका. मी अजूनही म्हणते, तुम्ही हट्टी होता आणि त्या जागी चाल हवीच होती. तुमचा सिनेमा एका चौकटीनेही बदलणार नाही, आणि माझं मतही बदलणार नाही. पुढे कोणी मागितला, गावाकडे नेला, मोठ्या शहरात नेला, तर आहे तसाच जाईल आणि आवाज पूर्ण ठेवूनच लागेल. ज्याला बिघडलेला वाटेल त्याने कानात बोळे घालावेत.

परत येताना रिक्षात वहिनी माझ्या शेजारी. मग रिक्षा पुलाखाली आली, ट्रकचा गोंगाट होता, त्या गोंगाटात तिने माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "मंगल, कोन्ही ऐकं का वं?"

मला वाटलं, नाही म्हणावं. त्या आवाजात कोण ऐकणार, असं म्हणून तिची सुटका करावी. मग मला तुम्ही दिसलात, बासष्टाव्या वर्षी कुत्र्यांना रडवत गच्चीवर खरंखरं वाजवणारे.

"सगळ्यांनी ऐकलं, वहिनी," मी म्हटलं. "पुढच्या वेळी लाईट गेली तरी थांबू नका."